वस्तऱ्याची धार आणि सकाळचा अर्धा तास



गेला आठवडाभर ह्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर ऐकलेत, अर्थसंकल्पावर ऐकलेत. काल तर एका विद्वान गृहस्थांनी आपल्याला थेट सूर्यमालेच्या कडेपर्यंत फिरवून आणले. आज त्याच जागी एक कामगारसंघटक उभा आहे आणि त्याचा विषय काय, तर वस्तऱ्याची धार! आम्ही विषय कळवला तेव्हा चालकांचा उलट निरोप आला, की "छापण्यात चूक तर होत नाही ना? 'कामगार कायद्याची धार' असे काही आहे काय?" आम्ही कळवले, की नाही; वस्तऱ्याचीच धार, आणि त्यातही ती लेप दिलेल्या पट्ट्यावर कशी टिकवावी, एवढाच विषय. चालकांनी तो मोठ्या मनाने मान्य केला, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. पण त्या दोहोंच्याही आधी, १९८२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी आम्ही एका सलूनमध्ये पोऱ्या म्हणून लागलो होतो. केस झाडायचे, पाणी तापवायचे, टॉवेल वाळत घालायचे. तिथे एक वयस्क कारागीर होते, त्यांना सगळे नाना म्हणत. वस्तऱ्याची विद्या आम्हांस त्यांनी दिली. आणि संघटनेचा पहिला धडाही त्यांच्याच खुर्चीशेजारी मिळाला. आज हे दोन्ही धडे आपल्यापुढे मांडायचे आहेत. आधी वस्तऱ्याचा.

वस्तरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तरुण मंडळींनी कदाचित आजोबांच्या पेटीत. एका मुठीत मिटणारे, पोलादाचे एकसंध पाते. त्याची पाठ जाड असते आणि दोन्ही बाजू आतून पोखरल्यासारख्या खोलगट घासलेल्या असतात. ही पाठ नुसती बळकटीसाठी नसते. पाते सहाणेवर आडवे ठेवले, की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती असावा, हे वस्तरा घडवणाराच पाठीच्या जाडीने ठरवून देतो. नेहमीच्या वस्तऱ्याची रुंदी सुमारे १६ मिलिमीटर आणि पाठ पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. त्यातून साधारण १६-१७ अंशांचा कोन येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना हाताचा कोन चुकतो. वस्तऱ्याला तो चुकूच शकत नाही, मात्र पाठ उचलता कामा नये. नाना म्हणत, "पाठ टेकलेली ठेव, बाकी पोलाद पाहून घेईल."

आता धार म्हणजे काय? दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. चांगल्या लागलेल्या धारेचे टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन धरली, तर ह्या टोकाच्या बारीकपणाची कल्पना येईल. इतके बारीक पोलाद टणक असले तरी नाजूक असते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. केस मऊ आणि पोलाद त्याच्या सुमारे ५० पट कठीण. मग मऊ केसाने पोलाद बोथट का व्हावे? हा प्रश्न आम्ही नानांना विचारला होता. ते म्हणाले, "पाण्याने दगड का झिजतो?" उत्तर तेव्हा आम्हांला पटले, पण ते अपुरे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यातला एक जण वापरून टाकून द्यायच्या साध्या रेझरने स्वतःची दाढी करी आणि मग ते पाते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाही. त्यांना असे आढळले, की धार सगळीकडे सारखी झिजून गोल होते असे नाही. तिचे ठिकठिकाणी बारीक टवके उडतात. कापला जाताना केस धारेवर वाकतो, आणि त्याच जागी पोलादाची आतली घडण असमान असेल, तर सगळा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो आणि टवका निघतो. ह्याशिवाय आपल्या कार्बन पोलादाच्या वस्तऱ्याला ओलावा लागतो आणि धारेच्या बारीक कडेला गंज धरतो, तो वेगळाच. म्हणजे धार जाते ती रोज, थोडी थोडी, आणि आपल्या नजरेला न दिसता जाते.

ह्या रोजच्या हानीवर तीन उपाय आहेत, आणि तिन्ही तीन वेगळ्या जागचे आहेत.

पहिला उपाय सहाणेचा. बारीक दगडावर पाणी टाकून पाते घासायचे. ह्यात पोलाद खरोखर झिजते. जुनी धार जाऊन नवी तयार होते. हे काम वर्षातून एकदा-दोनदा करायचे, आणि जाणत्याने करायचे.

दुसरा उपाय साध्या चामड्याच्या पट्ट्याचा. हा रोजचा. पट्ट्याचे एक टोक भिंतीच्या खिळ्याला, दुसरे डाव्या हातात ताणून धरलेले. वस्तरा पाठीकडून पुढे सरकवायचा. धार मागून फरफटत यायची. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवर उलटायचे आणि परत यायचे. धारेवर उलटले तर पट्टा कापलाच म्हणून समजा. जाड कापडी पट्ट्यावर २०-२५ फेऱ्या आणि चामड्यावर ४०-५०. ह्याने पोलाद जवळजवळ झिजत नाही. वाकलेली कड सरळ होते, तिच्यावरचा मळ आणि गंजाचा पापुद्रा निघतो.

तिसरा उपाय ह्या दोहोंच्या मधला, आणि तोच आजचा आमचा विषय: लेप दिलेला पट्टा. रोजच्या पट्ट्याने भागेनासे झाले, वस्तरा गालावर किंचित ओढू लागला. पण सहाण काढावी इतके काही बिघडलेले नाही, अशा वेळी हा पट्टा घ्यायचा. चामड्यावर अतिशय बारीक, कठीण अशा कणांचा पातळ थर दिलेला असतो. ते कण पोलाद झिजवतात, पण इतके अल्प, की सहाणेचे काम पुढे ढकलले जाते आणि रोजच्या पट्ट्याला पुन्हा पकड मिळते.

लेप कशाचा? सोनार दागिना उजळायला जी तांबडी वडी वापरतो, ती लोहाच्या ऑक्साइडची. तिचा स्वभाव सौम्य. कारखान्यात धातू चकाकवायला जी हिरवी वडी मिळते, तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असते. हिरव्या रंगातही तेच वापरतात. त्याचा शुद्ध बारीक कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा आणि पोलादापेक्षा कठीण. हल्ली कृत्रिम हिऱ्याची पूडही लेपासाठी मिळते. १ मायक्रॉनपासून पाव मायक्रॉनपर्यंत आणि त्याहूनही बारीक. हिरा चटकन कापतो. पण त्याने लावलेली धार कित्येकांच्या कातडीला बोचते. बाजारातल्या स्वस्त हिरव्या वडीत मोठे कणही मिसळलेले असतात. एवढा एक मोठा कण धारेवरून ओढला गेला, की सगळी मेहनत पाण्यात.

ही युक्ती काही कालपरवाची नाही. पॅरिसचा झाँ-जाक पेरे हा पाती घडवणारा कारागीर. त्याने १७६९ साली, माणसाने आपली दाढी आपणच कशी करावी, ह्यावर पुस्तक लिहिले. लंडनचा जॉर्ज पॅकवुड १७९० नंतरच्या दशकात वस्तऱ्याचा पट्टा आणि त्याचा लेप विकत असे, आणि वर्तमानपत्रांतून गोष्टी-गाण्यांच्या जाहिराती इतक्या देई, की १७९६ साली त्या जाहिरातींचेच एक पुस्तक त्याने छापले. लेप फार जुना आहे, आणि लेपाची बढाई त्याच्याइतकीच जुनी आहे.

त्याच काळात आपल्याकडचे पोलादही ह्या कथेत येते. मुंबईत कंपनीच्या नोकरीत असलेल्या हेलेनस स्कॉट ह्या डॉक्टराने येथील 'वूट्झ' नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले आणि १७९५ साली त्यांच्या परीक्षणाचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा पाती घडवणारा कारागीर ह्या पोलादावर लुब्ध झाला. पुढे १८२०च्या सुमारास त्याने एका तरुणाबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. त्या मिश्रणांचे वस्तरेही केले आणि तरुणाने ते मित्रांना भेट दिले. हा तरुण म्हणजे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला मायकेल फॅरेडे. आमच्यासारख्या सातवीपास माणसाला हे नाव घेताना थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी तो क्षमा करावा.

आता कृती सांगतो. कारण व्याख्यानातून घरी काही नेता आले पाहिजे.

लेपाचा पट्टा लोंबता नको. लोंबता पट्टा मध्ये झोळ घेतो, चामडे धारेला दोन्ही बाजूंनी वर चढते आणि धार गोल होते. सपाट फळी घ्यावी, तीन बोटे रुंद आणि वीतभराहून थोडी लांब. तिच्यावर चामड्याचा सपाट तुकडा चिकटवावा. चामडे बारीक आणि घट्ट असावे. त्यावर वडी अगदी हलक्या हाताने फिरवावी आणि बोटाने सगळीकडे सारखी पसरावी. चामड्याचा रंग लेपाखालून दिसत राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला, की थर जास्त झाला. कोरड्या फडक्याने पुसून काढावा. थर जाड झाला, की धार त्यात रुतते, आणि रुतलेली धार बाहेर येताना गोल होते.

वस्तरा आधी कोरडा पुसावा. पाठ टेकवावी, धार टेकवावी. वजन पात्याचे स्वतःचे असेल तेवढेच, हाताचे नको. १० ते १५ फेऱ्या, बस्स. मग पाते स्वच्छ पुसावे आणि साध्या पट्ट्यावर नेहमीच्या फेऱ्या घ्याव्या. न पुसता नेले, तर लेपाचे कण साध्या चामड्यात शिरतील आणि तोही पट्टा लेपाचाच होऊन बसेल. दोन प्रकारचे लेप असतील तर फळ्याही दोन ठेवाव्या. परीक्षेसाठी अंगठा धारेवरून फिरवू नये. एक केस चिमटीत धरून त्याचे मोकळे टोक धारेवर टेकवावे. न ओढता तुटला, की काम झाले. रोज दाढी करणाराला हा खटाटोप महिना-दीड महिन्यातून एकदा पुरतो. काही वेळा असे केल्यावर मात्र लेपानेही भागेनासे होते, कारण धार हळूहळू गोल होत आलेली असते. मग सहाण गाठावी. लेपाने सहाण लांबते. ती टळत नाही.

ह्या कृतीतला 'बस्स' हा शब्द आम्ही फार महागात शिकलो. तो प्रसंग आता सांगतो.

सलूनमध्ये लागून आम्हांला वर्ष झाले होते. नानांच्या फळीवर हिरवी वडी फिरवण्याचे काम आमच्याकडे आले होते. वस्तऱ्याला हात लावण्याची परवानगी अजून नव्हती. एके दिवशी दुपारी नाना जेवायला गेले. आमच्या मनात आले, की दहा फेऱ्यांनी इतकी धार येते, तर शंभरांनी किती येईल! फळीवर वडी चांगली दाबून रगडली, आणि नानांचा आवडता वस्तरा घेऊन, हाताचा भार देऊन, दम लागेपर्यंत फिरवला. पाते आरशासारखे चमकले. आम्ही ते होते तसे मिटून ठेवले आणि नाना येण्याची वाट पाहत बसलो, शाबासकी मिळेल म्हणून.

पहिलेच गिऱ्हाईक एक शिक्षक होते. नानांनी पहिला हात फिरवला आणि गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. "नाना, आज काय, विळ्याने करता आहात काय?" नानांनी पाते उजेडात धरले, फळीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. दुसरा वस्तरा काढला, दाढी पुरी केली आणि गुरुजींकडून पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी आम्हांला म्हणाले, "पोरा, चमकते ते सगळे कापत नाही. पाते उजळले, धार गेली." एवढेच.

नानांकडची सहाण झिजून मध्ये खोल झाली होती. वस्तरा जिल्ह्याच्या गावी एका जाणत्या कारागिराकडे पाठवावा लागला. त्याची मजुरी आणि एस. टी.चे भाडे दुकानातून गेले, आणि शनिवारी हिशेबाच्या वेळी शेठने ते नानांच्या वाटणीतून कापून घेतले. गुरुजींच्या दाढीचे पैसेही कापले. त्या सलूनमध्ये निम्म्या वाटणीची पद्धत होती. गल्ल्यातला अर्धा भाग मालकाचा, अर्धा कारागिराचा. आम्ही रडत पुढे झालो आणि म्हणालो, "शेठ, वस्तरा मी बिघडवला, माझे कापा." शेठ म्हणाले, "तुझे कापायला तुला देतो काय? चहा आणि जेवण. आणि हत्यार नानांचे आहे. हत्यार ज्याचे, खर्च त्याचा." नाना म्हणाले, "बरोबर आहे शेठ," आणि धोकटी उचलून घरी गेले.

ते बरोबर नव्हते, एवढे आम्हांला त्या वयातही कळले. का बरोबर नव्हते, हे कळायला बरीच वर्षे लागली. हत्यार नानांचे, हे खरे. पण त्या हत्याराने जी दाढी होई, तिचा अर्धा पैसा शेठच्या गल्ल्यात जाई. वस्तरा कापत असे तेव्हा तो दोघांचा. बोथट झाला की एकट्या नानांचा! आणि ह्याहून मोठी गोष्ट, जिचा हिशेबच कोणी मांडत नव्हते, ती म्हणजे वेळ. दुकान आठ वाजता उघडे. नाना साडेसातला येत. वस्तरे पुसणे, पट्ट्यावर फिरवणे, महिन्यातून एकदा लेपाची फळी, रात्री पाते कोरडे करून तेलाचे बोट लावणे. त्या अर्ध्या तासाला वाटणी नव्हती, कारण त्या वेळेत गिऱ्हाईक नसे. पण तो अर्धा तास नसता, तर आठ वाजता आलेल्या गिऱ्हाइकाचा गाल सुखरूप राहिला असता काय?

पुढे आम्ही कारखान्यांत, यंत्रमागांत, हमालीत जिथे जिथे काम केले, तिथे हाच अर्धा तास भेटला. यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याला तेल द्यायचे, लेथचे हत्यार घासून घ्यायचे, पाळी संपल्यावर केर काढायचा. मालक म्हणे, "हे काही उत्पादन नव्हे." आणि कामगारही मान डोलावी, कारण त्यालाही ते कामासारखे वाटत नसे. आमचे सगळे आयुष्य हे एक वाक्य पटवून देण्यात गेले: धार टिकवायला लागणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे.

सलूनमधल्या कारागिरांची संघटना आम्ही बांधू लागलो तेव्हा पहिली मागणी हीच मांडली. पुष्कळ दुकानदार स्वतः त्याच कष्टांतून वर आलेले. त्यांचीही ओढाताण आम्ही जाणून होतो. बरीच चर्चा झाली. हत्यारांची दुरुस्ती दोघांत निम्मी वाटून घ्यावी, एवढे काही दुकानांनी मान्य केले. सकाळच्या अर्ध्या तासाचे कोणी मान्य केले नाही. आणि आम्ही तो तगादा लावून धरला असतानाच त्या मागणीचा विषयच संपला. कारण वस्तराच गेला.

तो कसा गेला, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत किंग जिलेटने टाकाऊ पात्याचा रेझर विकायला काढला १९०३ साली. त्या वर्षी त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या काळात ह्या पात्यांनी घरोघरची दाढी ताब्यात घेतली. पण आपल्याकडच्या सलूनमध्ये वस्तरा टिकून होता. १९८६ साली भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग आढळला. त्यानंतर लोकांच्या मनात धास्ती शिरली, आणि ती अवास्तव नव्हती. एकच पाते आणि एकच पट्टा अनेकांच्या गालांवरून आणि रक्तावरून जातो. रक्तातून कावीळही पसरते. पट्ट्याचे चामडे उकळून निर्जंतुक करता येत नाही. आमच्या डोळ्यांदेखत दहा-पंधरा वर्षांत दुकानांमधून एकसंध वस्तरा गेला आणि अर्धे ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा आला. दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते. हा बदल योग्यच झाला. ज्यांना आज आमचे ऐकून वस्तरा वापरावासा वाटेल, त्यांनी तो स्वतःपुरता वापरावा. वस्तरा आणि पट्टा दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये.

पण योग्य बदलाचीही किंमत असते आणि ती कोणी दिली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. नानांच्या हातातली निम्मी विद्या त्या बदलात निरुपयोगी झाली. धार ओळखणे, धार राखणे, पट्ट्याचा आवाज ऐकून पाते कसे आहे ते सांगणे. पूर्वी धार त्यांच्या हातात होती. पुढे ती पाकिटातून येऊ लागली. त्या विद्येबद्दल कोणी त्यांना एक पैसा भरपाई दिली नाही, आणि भरपाई मागावी असे आम्हांलाही त्या वेळी सुचले नाही. हा आमच्या संघटनेचा दोष, आणि तो आज जाहीरपणे कबूल करतो.

ज्याची धार त्याच्या स्वतःच्या हातात असते, तो काय करू शकतो, ह्याचे एक उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. १८९० साली मुंबईतील न्हावी बंधू एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांची प्रेरणा होती. 'दीनबंधु' पत्र चालवणारे, महात्मा फुल्यांचे सहकारी, आणि ह्या देशातील कामगार चळवळीचे आद्य पुरुष. केशवपन ही रूढी धर्माच्या नावाने चाले, हुकूम घरातल्या वडीलधाऱ्यांचा असे. पण अखेर तो अमलात यायचा तो वस्तऱ्याच्या धारेने. त्या धारेचे धनी पुढे आले आणि म्हणाले, ह्या कामाला ती मिळणार नाही. त्यांची मजुरी बुडणार होती, हे त्यांना ठाऊक होते. धार राखणे ही विद्या खरी. ती कुठे चालवायची नाही, हे ठरवणे हा तिचाच पुढचा भाग आहे.

त्याच लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यात एक मागणी रविवारच्या सुट्टीची होती आणि एक दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. पुन्हा तोच अर्धा तास! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या काळी विलायतेत श्रीमंतांसाठी सात वस्तऱ्यांचे संच मिळत, एकेका पात्यावर एकेका वाराचे नाव कोरलेले. म्हणजे पोलादाच्या पात्याला आठवड्यातून सहा दिवस विश्रांती. आणि गिरणीतल्या माणसाला एक दिवस मिळवायला सहा वर्षे झगडावे लागले.

श्रोतेहो, आपण म्हणाल, की आता ना नाना राहिले, ना ती दुकाने. मग ह्याचा आज काय उपयोग? उपयोग असा, की आपल्या प्रत्येकाच्या घरी, कचेरीत, शाळेत असा एक अर्धा तास आहे, ज्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिक्षक रात्री वह्या तपासतो तो. परिचारिका पाळी बदलताना थांबून दुसरीला रोग्याची हकीकत सांगते तो. घरची बाई सगळे निजल्यावर उद्याची भाजी निवडते तो. काम बिघडले, की त्यांना जाब विचारला जातो. काम बिघडू नये म्हणून त्यांनी दिलेला वेळ मात्र कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. तो लिहिला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि संघटना चालवणाऱ्या तरुण मित्रांना लेपाच्या फळीवरून एक सांगतो. संप ही सहाण आहे. तिच्यात पोलाद झिजते. ती वर्षावर्षाने, नाइलाज झाला तरच काढावी. रोजचा पट्टा म्हणजे रोजची भेट, चौकशी, वर्गणीचा चोख हिशेब. आणि मधूनमधून, काही ओढते आहे असे वाटले, की लेपाची फळी, म्हणजे खुली सभा. तिच्यात एकमेकांना कठीण बोलावे, पण बेताने आणि भार न देता. आम्ही तरुणपणी सभेतही शंभर फेऱ्या मारल्या आहेत. भाषणे चमकली, आणि माणसे गोल झाली.

नाना १९९८ साली वारले. शेवटच्या आजारात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी उशाखालून एक कापडात गुंडाळलेला वस्तरा काढून दिला. आम्ही बिघडवला होता तोच. जिल्ह्याच्या गावाहून नवी धार लागून आल्यावर तो पुढे दहा-बारा वर्षे चालला होता. आम्ही त्याने अजून दाढी करतो. आज सकाळीही त्यानेच केली, आपल्यापुढे यायचे होते म्हणून. काल रात्री तो लेपाच्या फळीवर फिरवला. बारा फेऱ्या. मोजून.